आवडाकाकीची जोडी

एका खाडीकाठच्या गावात आवडा नावाची एक बाई राहत होती. तिच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणापासून वाकडी होती. नवरा लवकर गेला. मूलबाळ झाले नाही. घरामागे रातांब्याची दोन झाडे होती, त्यांची ती काळजी घेई. सारे गाव तिला आवडाकाकी म्हणे.

गावाचा धंदा मिठाचा. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हाने आटू द्यायचे आणि तळाशी धरलेले मीठ ओढून बांधावर रचायचे. वाफ्याचा तळ घट्ट लागतो, नाहीतर मिठात माती येते. तो घट्ट करायला माणसे दिवसभर चिखल तुडवत. चपलेने तळ खरवडला जातो, म्हणून पाय उघडेच ठेवायचे.

खाऱ्या पाण्याने पाय आधी पांढरे पडत. मग ताठत. मग टाचेला भेगा पडत आणि भेगेत मीठ शिरे. मीठ शिरले की माणसाला उभे राहवत नसे. ज्याचे पाय गेले, त्याचे काम गेले.

त्यावर गावाकडे एकच औषध होते, रातांब्याच्या बियांचे तेल. फळाच्या सालींची आमसुले होतात. आतल्या बिया आवडाकाकी धुऊन वाळवी, उखळात कुटी आणि मोठ्या टोपात पाणी घालून कढवी. वर तेल तरंगे, ते पळीने काढून घेई. हे तेल निवले की मेणासारखे घट्ट होते. ते कोमट असतानाच काकी मुठीत दाबून त्याचा गोळा करी. प्रत्येक गोळ्यावर तिच्या चार बोटांचे ठसे उमटत. तीन सरळ आणि चौथा तिरपा. कोणाच्याही घरात कोनाड्यात तो गोळा दिसला, तर तो काकीचा आहे हे लहान पोरसुद्धा सांगे.

तेल देताना काकी एक अट घाली. आपले पाय आपण चोळायचे नाहीत.

"आपला हात दुखलं की थांबतो," ती म्हणे. "मग तेल वरच्या वर राहतं. दुसऱ्याचा हात भेगेच्या तळापर्यंत जातो. माणूस ओरडला तरी थांबायचं नाही. हळू व्हायचं, पण थांबायचं नाही."

घरच्या माणसाचाही हात चालत नसे. बायकोचा किंवा आईचा हात मायेने थांबतो, असे तिचे म्हणणे.

म्हणून संध्याकाळी काम सुटले की माणसे बांधावर दोघे दोघे बसत. आधी गोड्या पाण्याने पाय धुवायचे. मग एकाचे पाय दुसऱ्याच्या मांडीवर. थोरला धाकट्याचे पाय चोळी, धाकटा थोरल्याचे. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. ओरडणे चाले, शिव्या चालत, मधेच कोणी गाणे धरी. अशा दोघांना गावात जोडी म्हणत. जोडी एकदा जमली की ती मरेपर्यंत. दुसऱ्याच्या जोडीत हात घालणे फार वाईट समजत, जणू त्या माणसाला तू असून नसल्यासारखा आहेस असे तोंडावर सांगितले. मिठागरात नवखा माणूस आला की लोक त्याला नावाच्या आधी विचारत, "तुझी जोडी कोण?"

ज्याला जोडी नसे, त्याचे पाय काकी चोळी. तिची स्वतःची जोडी कोण, हे कोणी कधी विचारले नव्हते. ती मिठागरात उतरत नसे. तिच्या पायांना भेगा नव्हत्या.

त्या गावात धाकू नावाचा एक तरुण होता. त्याची जोडी म्हादू. म्हादू एका पावसाळ्यात तापाने गेला. पुढच्या हंगामात धाकू एकटाच बांधावर बसे आणि आपले पाय आपण चोळी. काकीकडे जायची त्याला लाज वाटे. म्हातारी माणसे तिच्याकडे जातात, आपण कशाला, असे त्याला वाटे. पौष सरता सरता त्याच्या टाचा उकलल्या.

नारबा नावाचा एक जुना माणूस त्याची टाच बघून म्हणाला, "धाकू, तुझ्या भेगेत माझी तंबाखूची पुडी ठेवतो रे. पावसात भिजायची नाही."

लोक हसले. धाकूही हसला, पण दुसऱ्या दिवशी त्याला उठता येईना. मालकाने निरोप पाठवला की धड उभा राहीपर्यंत जागा राखतो, पण हंगाम सरायच्या आत उभा राहा, नाहीतर त्या जागी दुसरा माणूस घेतो. तेव्हा नारबानेच त्याला पाठीवर घेऊन काकीच्या अंगणात आणून बसवले.

काकीने त्याचे पाय धुतले. तेलाचा गोळा तळव्यात मऊ केला आणि बोटाचे टोक भेगेत घातले. पहिल्या दिवशी धाकू ओरडला. दुसऱ्या दिवशी त्याने तिला शिवी दिली.

"दे आणखी एक," काकी म्हणाली. "तेवढ्यात ही भेग होऊन जाईल."

चाळीस दिवस तिने सकाळ-संध्याकाळ त्याचे पाय मांडीवर घेतले. ती त्याच्याशी फार बोलत नसे. तो फार कळवळला की तिचा हात हळू होई, पण थांबत नसे. चाळिसाव्या दिवशी धाकू अंगणात उभा राहिला. रातांब्यापर्यंत चालत गेला आणि चालतच परत आला.

तो म्हणाला, "काकी, आता माझी जोडी तूच."

काकी हसली. "माझ्या पायांना काय झालंय?"

"कधी काही झालं तर?"

"झालं तर बघू."

"झालं तर मी आहे," धाकू म्हणाला.

अंगणात त्या वेळी तिसरे कोणी नव्हते. शब्द दोघांतच राहिला. पण त्या गावात जोडीचा शब्द दोघांतलाच असतो. त्याला साक्ष लागत नाही.

पुढचे चार हंगाम काकीने त्याचे पाय राखले. धाकू कामाला चांगला होता. पाणी केव्हा घ्यावे, केव्हा सोडावे, हे त्याला नुसत्या वाऱ्यावरून कळे. मालकाने त्याला मुकादम केले. मुकादमाला वाफ्यात उतरावे लागत नाही. तो बांधावरून फिरतो. धाकूच्या पायांत वहाणा आल्या, हातात छत्री आली. पुढे लग्न झाले. घरावर कौले चढली. लोक त्याला धाकोजी म्हणू लागले, आणि तो त्या नावाला ओ देऊ लागला.

त्याचे पाय मऊ झाले. त्यांना आता कोणी चोळायची गरज उरली नाही. संध्याकाळी तो बांधावरून जाई, तेव्हा एकमेकांचे पाय मांडीवर घेतलेली माणसे त्याला हाक मारत. "धाकोजी, टेका की घटकाभर." तो खाडीकडे बघत पुढे जाई. आपण कधी काळी याच चिखलात बसून ओरडत होतो, याची आठवण त्याला नको होती.

अशी दोन वर्षे गेली.

एका माघात काकीने बियांचा मोठा टोप चुलीवर चढवला. तेल वर आले होते. तेवढ्यात चुलीचा एक दगड सरकला आणि टोप कलंडू लागला. त्या टोपात साऱ्या गावाचे तेल होते. काकीने विचार केला नाही. तिने दोन्ही हातांनी टोप धरला. उकळते तेल आणि पाणी तिच्या हातांवरून मनगटापर्यंत गेले. तरी तिने टोप खाली ठेवला, आणि मग ती बसली.

शेजारच्या शेवंतीने आवाज ऐकला आणि ती धावत आली. पलीकडच्या गावातून होडीने वैद्य आणला. त्याने लेप लावले, काढे दिले. तीन आठवड्यांनी जखमा वरून भरल्या. तेव्हा तो शेवंतीला म्हणाला,

"आता नवी कातडी येईल. ती आखडत येते. हिचंच हे तेल सकाळ-संध्याकाळ लावायचं आणि एकेक बोट उलगडायचं. चाळीस दिवस. म्हातारी रडेल. रडू दे. थांबलात तर बोटं तळव्याला चिकटतील आणि मग ती कोणालाही सोडवता यायची नाहीत."

शेवंती भल्या मनाची. ती काकीला पेज भरवी, तिचे केस विंचरी, अंगण झाडी. वीस वर्षे दोघींच्या घरांत एकच कुंपण होते. तिने तेल लावायला घेतले. पहिले बोट उलगडले तेव्हा काकीच्या डोळ्यांतून पाणी आले. दुसऱ्याला काकीने ओठ चावला. शेवंतीचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी थांबला, तिसऱ्या दिवशीही थांबला. ती काकीपाशी बसून रडू लागली.

"तू घरची झालीस गो," काकी म्हणाली. "तुझ्याच्यानं व्हायचं नाही. बांधावर जा. धाकूला सांग."

शेवंती संध्याकाळी बांधावर गेली. माणसे जोड्यांनी बसली होती. मुकादम छत्री टेकून उघाडीपाशी उभा होता. उघाडी म्हणजे खाडीचे पाणी आत घ्यायची फळी. शेवंती बाईमाणूस. मुकादमाला नावाने हाक मारून हात दे म्हणायचे तिच्या जिभेवर येईना. तिने सर्वांनाच सांगितले. वैद्य काय म्हणाला ते सांगितले. दिवस जात चालले आहेत तेही सांगितले.

सगळ्यांनाच वाईट वाटले. वाईट वाटले नाही असा एकही माणूस तिथे नव्हता.

नारबा म्हणाला, "हे जोडीचं काम. काकीची जोडी कोण?"

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. कोणी म्हणाला, माझ्या बापाचे पाय ती चोळायची, पण बाप तर गेला. कोणी म्हणाला, कोणीतरी असणारच, एवढ्या जणांचे केले तिने. जो तो मनात म्हणाला की ज्याची जोडी असेल तो उठेल. तो असताना आपण उठलो तर त्याचा अपमान होईल.

नारबा म्हातारा झाला होता, पण नजर साबूत होती. त्याने मुकादमाकडे पाहिले. "धाकोजी, तुमचे पाय तिनंच उभे केले. माझ्याच पाठीवरून गेलात तुम्ही तिच्याकडं. तुम्हाला ठाऊक असेल."

सगळ्यांनी धाकूकडे पाहिले.

धाकूला ठाऊक होते. साऱ्या गावात त्या एकट्यालाच ठाऊक होते. आणि ओरडणाऱ्या माणसाला धरून ठेवून हात कसा हळू करायचा, पण थांबवायचा नाही, हे त्याच्या टाचांना जितके कळले होते तितके दुसऱ्या कोणाला कळले नव्हते. पण त्याच्या डोळ्यांपुढे काकीचे अंगण आले. रस्त्याकडेचे, उघडे. सकाळ-संध्याकाळ तिथे उकिडवे बसायचे, म्हातारीचे हात मांडीवर घ्यायचे. कामाला जाणारी माणसे बघणार. उद्या कोणीही हाक मारील, धाकू, जरा माझेही पाय बघ रे. असल्या मुकादमाचे कोण ऐकणार?

एक शब्द बोलायचा होता. तेवढा बोलला असता तर बाकीचे आपोआप झाले असते.

तो म्हणाला, "काकीला जोडी नव्हती." मग म्हणाला, "मी तेल पाठवतो."

हे ऐकून सगळ्यांना हलके वाटले. तेल देणे प्रत्येकाला जमण्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून काकीच्या घरी तेल येऊ लागले. कोणी स्वतः आणले, कोणी लेकीकडून पाठवले. जो तो ओसरीवर गोळा ठेवी, दारातून काकीची विचारपूस करी आणि कामाला जाई. मुकादमाचा गोळा सर्वांत मोठा होता. तो केळीच्या पानात बांधून गड्याबरोबर आला. शेवंतीने सगळे गोळे काकीच्या अंथरुणाजवळ पाटावर मांडले. सतरा झाले. सतराही गोळ्यांवर तेच ठसे होते. तीन सरळ आणि चौथा तिरपा.

अंगणात वहाणा वाजल्या की काकी विचारी, "कोण आलं गो?"

शेवंती म्हणे, "तेल आलंय, काकी."

तिसऱ्या दिवशी काकीने विचारले, "धाकूला सांगितलंस?"

शेवंतीने पाटावरचे गोळे सारखे केले. मग म्हणाली, "तो तिथंच होता."

काकीने तोंड भिंतीकडे केले. त्यानंतर वहाणा वाजल्या तरी तिने कधी विचारले नाही.

शेवंती रोज तेल लावी. वरच्या वर लावी. काकीच्या हातांची नवी कातडी तेलाने मऊ झाली, गुलाबी झाली, चकाकू लागली. आणि रोज थोडी आखडली. आधी वाकडी करंगळी मिटली. मग बाकीची बोटे एकामागून एक तिच्याजवळ गेली. चाळिसाव्या दिवशी वैद्य होडीने आला. त्याने काकीच्या दोन मुठी पाहिल्या. मग पाटावरचे गोळे पाहिले.

"एवढं तेल होतं?" त्याने विचारले. आणि फी न घेताच तो निघून गेला.

पुढच्या हंगामात फाल्गुनातल्या उधाणाने मिठागराचा बांध उघाडीपाशी फुटला. खाडी आत शिरली. बांध फुटला की मुकादमाला पाण्यात उतरावेच लागते. नऊ दिवस धाकू कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभा होता. वहाणा पहिल्याच दिवशी चिखलात गेल्या. बांध बांधून झाला. पण वहाणांत वाढलेल्या मऊ पायांना ते खारे पाणी सोसले नाही. टाचा उकलल्या त्या पहिल्यापेक्षा वाईट.

बायकोने चोळायला घेतले. तो ओरडला आणि तिचा हात थांबला.

तो काठी टेकत बांधावर गेला. संध्याकाळ होती. माणसे जोड्यांनी बसली होती. नारबाने सरकून जागा दिली आणि विचारले, "धाकोजी, तुमची जोडी कोण?"

टोमणा नव्हता. रीतीप्रमाणे विचारायचे असते म्हणून त्याने विचारले. धाकू बसला नाही, काठी टेकत घरी परतला. दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला. धड उभा राहीपर्यंत जागा राखतो, पण हंगाम सरायच्या आत उभा राहा, नाहीतर त्या जागी दुसरा माणूस घेतो.

मग धाकू काकीच्या अंगणात गेला. काकी रातांब्याखाली बसली होती. त्याला पाहून तिने काही विचारले नाही. तो काठी बाजूला ठेवून तिच्यासमोर बसला. मग म्हणाला, "काकी, त्या दिवशी बांधावर मी..."

"आधी पाय धुवायचे," काकी म्हणाली. "शेवंती, पाणी आण गो."

शेवंतीने पाणी आणले आणि पाटावरचा एक गोळा आणून ठेवला. काकीने धाकूचे पाय मांडीवर घेतले. मिटलेल्या मुठीने गोळा धरता येईना. तो दोनदा मातीत पडला. धाकूनेच तो उचलून आपल्या टाचेवर धरला. मग काकी मुठीच्या पाठीने चोळू लागली, मनगटाने चोळू लागली, कोपराने चोळू लागली. तिचा हात हळू होता आणि थांबत नव्हता.

धाकू डोळे मिटून ओरडायची वाट पाहत होता. ओरडणे आले नाही. त्याने डोळे उघडले. टाच तेलाने चकाकत होती. भेगा कोरड्याच होत्या. त्या तळापर्यंत जायला बोटाचे टोक लागते.

"काकी," तो म्हणाला, "दुखत नाही."

"ठाऊक आहे मला," काकी म्हणाली, आणि चोळत राहिली.

तेव्हा धाकूने तिचे हात धरले. तिची एक मूठ आपल्या मांडीवर घेतली आणि करंगळी उलगडू लागला. काकीने हात मागे घेतला नाही. ती शांतपणे म्हणाली,

"आता नको रे धाकू. आता फाटेल."

हंगाम सरता सरता मिठागरावर दुसरा मुकादम आला. धाकूच्या टाचा काही भरल्या नाहीत. त्यानंतर तो बांधावर कधी चढला नाही. पण रोज संध्याकाळी काठी टेकत तो काकीच्या अंगणात जाई. ती त्याच्या टाचा कोपराने चोळी. तो तिच्या मुठींना तेल लावी. रस्त्यावरून माणसे जात आणि बघत. त्याला त्याचे काही वाटत नसे. एकाचे पाय बरे झाले नाहीत, दुसरीचे हात उघडले नाहीत. तेल मात्र रोज लागत होते.

पुढे एखाद्या नवख्याने विचारले, काकीची जोडी कोण, तर गावातली लहान पोरेसुद्धा सांगत, धाकू.

तात्पर्य: ज्या हातांनी आपले दुखणे बरे केले, त्या हातांना नुसते औषध पाठवून भागत नाही. तिथे आपला हात द्यावा लागतो, आणि बोटे मिटण्याआधी द्यावा लागतो.